बॅटरी बाहेर काढली, तरी गाडी धोकादायकच?

विमान कंपन्यांच्या धोकादायक माल विभागांना आणि हवाई प्रवासाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना खुलं पत्र

महोदय,

स.न.वि.वि.

फोल्डिंग ई-स्कूटर, इलेक्ट्रिक स्केटबोर्ड, ई-सायकल, एकचाकी युनिसायकल अशी स्वतःपुरती, विजेवर चालणारी छोटी गाडी वापरणारे आम्ही लोक. ही गाडी चेक-इन सामानात टाकता येते का, एवढाच आमचा प्रश्न असतो. त्याला वेबसाइटवर एक उत्तर मिळतं, कॉल सेंटरवर दुसरं आणि काउंटरवर तिसरं. चालतं ते शेवटचं, आणि ते कळतं तेव्हा आपल्यामागे रांग लागलेली असते आणि तिकिटाचे पैसे कधीच गेलेले असतात.

मागणी आधीच सांगून टाकतो. गाडी घ्यायची की नाही हे तिच्या नावावरून ठरवू नका. आत बॅटरी आहे का, असली तर किती वॉट-आवरची, म्हणजे किती ऊर्जा साठवणारी, आणि ती निघते का, यावर ठरवा. आणि एकदा जे ठरेल ते बुकिंगवर चढवा, म्हणजे काउंटरवर त्याची पुन्हा सुनावणी व्हायला नको.

लिथियम बॅटरीबद्दल तुम्ही जी काळजी घेता ती योग्यच आहे. आमच्यातल्या काहींना ती जाच वाटते, मला वाटत नाही. सेलच्या आत शॉर्ट झालं, सेल चेपला किंवा फार तापला की थर्मल रनअवे सुरू होतो. तो सेल स्वतःच्याच उष्णतेने पेटतो, शेजारच्याला तापवतो, मग तोही पेटतो. छोट्या स्कूटरच्या पॅकमध्येसुद्धा असे वीस-तीस सेल एकमेकांना खेटून बसवलेले असतात. विमानाच्या मालकप्प्यात आग दाबायला हॅलॉन वायू असतो. तो उघड्या ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत जे चाललंय ते त्याला थांबवता येत नाही आणि सेलमधून निघणारे ज्वालाग्राही वायू साचत राहतात. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने, म्हणजे एफएएने, कपड्यांनी भरलेल्या बॅगेत लॅपटॉपची बॅटरी तापवून पाहिली होती. शेजारी ड्राय शाम्पूचा स्प्रे होता, तो फुटला, आणि हॅलॉनला काही करायला वेळच मिळाला नसता असा निष्कर्ष २०१७ मध्ये पुढे आला. तेच केबिनमध्ये घडलं तर निदान धूर दिसतो, वास येतो, कर्मचारी धावत येतात आणि पाणी ओतून सेल थंड करतात. सुटी बॅटरी हातातल्या सामानातच हवी, हा नियम याच कारणासाठी आहे.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या, यूपीएस या कुरिअर कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. दोन्ही वैमानिक गेले. पुढे आयकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यावर बंदी घातली, आणि मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज केलेल्या नकोत असं ठरवलं. हे सगळं माहीत असूनही ज्याला तीनशे वॉट-आवरची स्कूटर आतल्या बॅटरीसकट मालकप्प्यात टाकायची आहे, त्याची वकिली मी करणार नाही. आमच्यातले काही महाभाग पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेच्या तळाशी सरकवतात आणि वर "काही होत नाही" म्हणून सांगतात. त्यांच्यासाठी तर माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही.

आता नियमाचं गणित पाहू, कारण ते तुमचंच आहे आणि चांगलं आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर म्हणजे वॉट-आवर. १०० पर्यंतची बॅटरी प्रवाशाला नेता येते. १०० ते १६० मध्ये असेल तर कंपनीची परवानगी लागते, आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. १६० च्या वर सर्वसाधारण प्रवाशाला मज्जाव. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-आवरचा पॅक असलेली सर्वसाधारण ई-स्कूटर २८० च्या घरात जाते, म्हणजे बाद. ई-सायकलचा पॅक पाचशेच्या आसपास, तोही बाद. मोठ्या युनिसायकलींचे पॅक हजाराच्या पुढे जातात, तिथे बोलायलाच नको. इथे तुमचं उत्तर स्वच्छ "नाही" असावं. "विमानतळावर विचारा" असं नसावं. शक्यता शून्य असताना आशेला लावून ठेवण्यात कुणाचंच भलं नाही.

पण उत्पादकांनीही हे आकडे वाचलेत. काही स्केटबोर्डांची बॅटरी मुद्दाम ९९ वॉट-आवरची बनवली जाते, ती काही योगायोगाने तिथे थांबलेली नसते. काही प्रवासी स्कूटरचे पॅक १६० च्या आत ठेवलेले असतात आणि एक खटका दाबला की पॅक हातात येतो. म्हणजे तुमचा नियम पाळून गाडी बनवणारे आहेत आणि ती जास्त पैसे मोजून, कमी अंतर पळते हे माहीत असून, विकत घेणारेही आहेत. असा माणूस काउंटरवर येतो. बॅटरी त्याने काढलेली असते, टोकांना चिकटपट्टी लावलेली असते, ती वेगळ्या पिशवीत घालून खांद्यावरच्या बॅगेत ठेवलेली असते. पट्ट्यावर ठेवलेल्या खोक्यात उरतं काय? ॲल्युमिनियमचा दांडा, मोटर, कंट्रोलर, ब्रेकची वायर, दोन चाकं. यातलं नेमकं काय पेटणार आहे? तरीही बंदीच्या यादीत "स्कूटर" किंवा "होव्हरबोर्ड" हा शब्द असतो, समोरचा कर्मचारी शब्दावर बोट ठेवतो आणि विषय संपतो.

ही यादी आली कुठून तेही पाहायला हवं. २०१५ च्या अखेरीस स्वस्त होव्हरबोर्डांचा, म्हणजे उभं राहून चालवायच्या दोन चाकी, बिनहँडलच्या फळ्यांचा, पूर आला आणि ते घराघरांत पेटायला लागले. त्यातल्या बऱ्याच पॅकवर वॉट-आवर छापलेलेच नव्हते, आणि जे छापलेले होते त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? ३६ व्होल्ट, ४.४ अँपिअर-आवर म्हणजे १५८, कागदावर मर्यादेच्या आत. पण कागदच संशयास्पद होता. म्हणून कंपन्यांनी बॅटरीचा आकडा न बघता वस्तूच नावानिशी बंद केली. त्या घडीला ते बरोबर होतं, मीही तेच केलं असतं. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे पाच लाख होव्हरबोर्ड बाजारातून परत बोलावले गेले. त्याच वर्षी अशा गाड्यांच्या विद्युत यंत्रणेसाठी यूएल २२७२ हे सुरक्षा मानक आलं. २०२० पासून बॅटरी बनवणाऱ्यांनी यूएन ३८.३ या, लिथियम बॅटरी वाहतुकीला सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या चाचण्यांचा सारांश मागेल त्याला उपलब्ध करून द्यायचा आहे. कमी हवेच्या दाबापासून ओव्हरचार्जपर्यंतच्या कसोट्या त्यात येतात. म्हणजे २०१५ मध्ये ज्या कागदाचा भरवसा नव्हता, तो आता तपासता येतो. यादी मात्र तशीच राहिली, आणि सुक्याबरोबर ओलंही जळत राहिलं.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे हाच प्रश्न तुम्ही दुसरीकडे सोडवून मोकळे झाला आहात. स्मार्ट सूटकेस आल्या, त्यात मोबाइल चार्ज करायच्या बॅटऱ्या होत्या. जानेवारी २०१८ पासून तुम्ही सांगितलंत की बॅटरी काढता येत असेल तर काढून हातात घ्या आणि बॅग खाली द्या, काढता येत नसेल तर बॅगच नको. सोपं, समजणारं, आणि काउंटरवरच्या माणसाला पाच सेकंदांत तपासता येणारं. पुढे तर मोटर लावलेल्या, वर बसून चालवायच्या सूटकेस आल्या. मोटर आहे, चाकं आहेत, हँडल आहे, माणूस बसून जातो. बॅटरी काढली की त्या अनेक ठिकाणी सामान म्हणून चालतात. आमच्या स्कूटरला कपडे ठेवायला जागा नाही, हाच तिचा गुन्हा म्हणायचा. बॅटरी काढलेली ई-सायकलही काही कंपन्या साधी सायकल म्हणून घेतात. तिलाही मोटर असतेच.

काउंटरवर प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्यापैकी नियम लिहिणाऱ्या किती जणांनी उभं राहून पाहिलंय, मला शंका आहे. मी एका कंपनीला आधी मेल केली होती. बॅटरीचा फोटो, वॉट-आवर, चाचणीचा कागद, सगळं जोडलं होतं. "परवानगी आहे" असं उत्तर आलं. काउंटरवरच्या बाईंनी ते नीट वाचलं, पण गाडी तरी एकदा बघायला हवी म्हणाल्या. आकडा शोधायचा म्हणून स्कूटर उलटी करावी लागली, कारण लेबल पायठाणाच्या खालच्या बाजूला. पट्ट्यावर वाळू आणि चिखलाचे सुकलेले तुकडे पडले. लेबल चाकाकडच्या बाजूने खरवडलं गेलेलं, "३६ व्ही" दिसत होतं, पुढचं पुसट. बॅटरी बाहेर होती, तिच्यावर आकडा ठळक होता, मी ती समोर धरली. पण त्यांच्या समोरच्या सूचनेत गाडीचा आकडा बघा असं होतं, आणि गाडीला आता आकडाच नव्हता, कारण तिच्यात बॅटरी नव्हती. मग वरिष्ठांना फोन. वरिष्ठ म्हणाले की मेलमधली परवानगी बॅटरीपुरती आहे, गाडीबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. त्या बाईंना मी दोष देत नाही. चूक झाली तर नोकरी त्यांची जाणार, मेल लिहिणाऱ्याची नाही.

त्यातही खरी पंचाईत परतीच्या वाटेवर. जाताना एका कंपनीचं विमान, येताना त्याच तिकिटावर भागीदार कंपनीचं. पहिलीने घेतलेली गाडी दुसरी घेत नाही. परवानगी विमान चालवणाऱ्या कंपनीची लागते हे तुमच्या नियमात आहे, पण तिकीट विकणारी कंपनी ते सांगते कुठे? घरून निघतानाच नकार मिळाला तर माणूस गाडी ठेवून तरी जातो. परक्या गावी मिळाला तर ती कुणाच्या दारात ठेवणार? विमानतळावर सोडून दिलेल्या स्कूटर तुमच्या हरवलेल्या सामानाच्या खोल्यांत पडून असतील. त्यांचे मालक विसरभोळे नव्हते.

"मग कार्गोने पाठवा" असं सुचवलं जातं. सुचवणाऱ्याने एकदा स्वतः पाठवून बघावं. २०२५ पासून लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक मिळालाय, याआधी ती सगळी यूएन ३१७१ मध्येच मोजली जायची. ठराविक पद्धतीचं पॅकिंग, खोक्यावर योग्य लेबलं, कागदपत्रं, आणि हे करणारा माणूस धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेतलेला हवा. एका प्रवाशाच्या एका स्कूटरसाठी हे सगळं करायला एजंट सहसा तयार होत नाहीत, झाले तर खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो. कार्गो हे उत्तर म्हणजे सभ्य भाषेतला नकार आहे, तो नकार म्हणूनच द्यावा.

एक नाजूक विषय राहतो तो अपंग आणि वयस्कर प्रवाशांच्या गाड्यांचा. व्हीलचेअर किंवा चालायला मदत करणाऱ्या विजेच्या गाडीला तुमचे नियम वेगळे आहेत आणि ते असायलाच हवेत. तिथे निघणारी बॅटरी ३०० वॉट-आवरपर्यंत केबिनमध्ये चालते. निघत नसेल तर गाडी तशीच मालकप्प्यात जाते, विद्युत प्रवाह तोडून, घट्ट बांधून, आणि ती कुठे ठेवली आहे हे वैमानिकाला कळवून. जोखीम तुम्ही जाणूनबुजून, गरजेपोटी आणि काळजी घेऊन उचलता. म्हणून "त्यांची चालते, मग माझी का नाही?" असा कांगावा आमच्यापैकी कुणी करू नये, आणि धडधाकट माणसाने लंगडत काउंटरवर येऊ तर मुळीच नये. पण नियमात तात्पुरती अडचण असलेला माणूसही येतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुणी बसायची सीट लावलेली साधी ई-स्कूटर वापरत असेल, तर ती चालायला मदत करणारी गाडी धरायची की खेळणं? आज ते तिच्या दिसण्यावर ठरतं. खुर्चीसारखी दिसली तर हो, नाही तर नाही. डॉक्टरांचं पत्र, बॅटरीचा आकडा आणि आधी कळवण्याची मुदत एवढं लिहून टाका, काउंटरवर कुणाला आपली दुखणी उघडी करून दाखवावी लागणार नाहीत.

आता जे हवंय ते नेमकं सांगतो. बॅटरी काढलेली गाडी ही क्रीडासाहित्यासारखी मोजा. २३ किलोची मर्यादा लावा, ३२ च्या वर नको म्हणा, सायकलीइतकं शुल्क घ्या, आमची हरकत नाही. बॅटरीचा निर्णय वॉट-आवरवर घ्या आणि तो छापील क्षमतेवरच घ्या. "मी ती पूर्ण उतरवून आणलीय" म्हणणाऱ्याला सांगा की चार्ज कमी केल्याने भडका कमी होत असेल, आकडा बदलत नाही. परवानगी द्याल ती पीएनआरवर नोंदवा, गाडी आणि बॅटरी दोन्हीचा उल्लेख करून, जाण्याची आणि येण्याची, विमान चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या नावानिशी. नाकारलंत तर कारण एका ओळीत लिहून द्या. त्या एका ओळीने पुढच्या वेळी गाडी न्यायची की नाही ते आम्हाला घरीच ठरवता येईल.

तुमच्यामार्फत उत्पादकांनाही दोन शब्द, कारण आमचं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. डझनभर स्क्रू काढून, रबरी सील फाडून, वायर कापून निघणाऱ्या बॅटरीला "काढता येणारी" म्हणू देऊ नका. विमानतळाच्या फरशीवर बसून कुणी पॅक उघडावा ही कल्पनाच भयंकर आहे. वॉट-आवरचा आकडा पॅकवर, उभ्या माणसाला वाचता येईल अशा बाजूला आणि घासून न जाणाऱ्या अक्षरांत छापायला लावा.

शेवटची गोष्ट अगदी छोटी आहे, पण माझ्या मते तिनेच अर्धं काम होईल. काउंटरवर गाडी घेतली गेली तरी पुढे एक्स-रेवर मोटर आणि कंट्रोलरचा काळा ठोकळा दिसतो, तपासणीवाला बॅग बाजूला काढतो, प्रवासी तोवर आत गेलेला असतो आणि बॅग मागे राहते. यासाठी एक टॅग काढा. बॅटरीचा कप्पा उघडा ठेवायचा, काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आत हात घालून बघायचं, आणि "बॅटरी काढलेली, कप्पा तपासला" असं लिहिलेला, सही-वेळेसह टॅग हँडलला बांधायचा. व्हीलचेअरला तुम्ही असे टॅग लावताच. आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, धोकादायक मालाची नियमावली दर वर्षी नव्याने निघते, १ जानेवारीपासून लागू होते. पुढच्या आवृत्तीत या टॅगचा नमुना छापा. तो प्रत्येक कंपनीचा एकच असू द्या, म्हणजे गाडी एका विमानातून दुसऱ्यात जाताना कप्पा पुन्हा उघडून दाखवावा लागणार नाही.

कळावे.

आपला,
बॅटरी हातात घेऊन रांगेत उभा असलेला एक प्रवासी